४० की १०५? कढीपत्त्यावरच्या अळीने लावलेला निकाल

किडे-फुलं अगदी जवळून टिपायच्या दोन मॅक्रो लेन्स दहा महिने आलटून पालटून वापरल्यावर लिहितोय. कॅमेरा निकॉन डी७२००. मायक्रो ४० मिमी एफ/२.८ तीन वर्षांपासून आहे, मायक्रो १०५ मिमी एफ/२.८ व्हीआर (म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय असलेली) गेल्या जूनमध्ये सेकंडहँड घेतली. (निकॉनवाले मॅक्रोला मायक्रो म्हणतात, गोंधळू नका.) दोन्ही एकास एक, किडा जेवढा तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर. म्हणजे या कॅमेऱ्याच्या छोट्या, डीएक्स सेन्सरवर साडेतेवीस मिलिमीटरचा किडा फ्रेमची अख्खी रुंदी भरतो, लेन्स कुठलीही असो. मग तिप्पट वजन गळ्यात घालायचं आणि वर खिसाही हलका करायचा तो कशासाठी?

उत्तर गॅलरीतल्या कढीपत्त्यावर मिळालं. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची हिरवीगार अळी होती, करंगळीच्या निम्मी. चाळीसचं कमीत कमी फोकस अंतर १६.३ सेंमी आहे, पण ते मोजतात सेन्सरपासून. त्यातून बॉडीची जाडी आणि लेन्सची लांबी गेली की काचेपुढे जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात लेन्सची सावली पडली, काठ पानाला लागला आणि बाईसाहेबांनी डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. सोबत उग्र वास. फोटोत शिंगं धूसर आणि पानाची शीर मात्र खणखणीत!

एकशेपाचला त्याच मापावर काचेपुढे साधारण १५ सेंमी मिळतात. अळीला आपण आल्याचा पत्ताच नाही. पानाची कड पायांत धरून वरून खाली, पुन्हा वर, असं तिचं कुरतडणं पाच मिनिटं बघत बसलो. फोटो नंतर काढले.

शार्पनेसबद्दल फार लिहीत नाही. एफ/८ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

व्हीआरवर मात्र फार विसंबू नका. जितकं जवळ जाल तितका त्याचा उपयोग घटतो, आणि आपण उभ्या उभ्या पुढे-मागे झुलतो ते तर तो सावरतच नाही. मी ऑटोफोकस बंद करतो, रिंग एकास एकवर ठेवतो आणि अंगच सावकाश पुढे नेतो. डोळा चमकला की क्लिक. एफ/११लाही जेमतेम अर्धा मिलिमीटर फोकसमध्ये असतो, त्यामुळे वीसातले तीन फोटो बरे आले तर तो दिवस चांगला. आणखी एक : जवळ गेल्यावर एकशेपाच एफ/२.८ऐवजी ४.८ दाखवते. लेन्स बिघडली म्हणून मी घाबरलो होतो. तसं काही नसतं, जवळच्या फोकसला प्रकाश खरोखरच कमी पोचतो आणि निकॉन तो आकडा प्रामाणिकपणे दाखवतं.

म्हणून फ्लॅश हवाच. माझा डिफ्यूझर म्हणजे अर्धा किलो श्रीखंडाचा पांढरा डबा, तळ कापलेला, आतून बटर पेपर लावलेला. आंबोलीत रात्री, पावसात, ओल्या कातळावर बसलेल्या इवल्याशा आंबोली टोड जातीच्या बेडकाचे फोटो याच डब्यातून काढले. चाळीसपुढे हा डबा बसवला तर प्रकाश किड्यावर पडण्याआधी लेन्सच आडवी येते.

तरी चाळीस विकलेली नाही. सप्टेंबरात कासच्या पठारावर दवबिंदू या कीटकभक्षी झाडाच्या चिकट पानावर अडकलेलं चिलट एकशेपाचने टिपलं, पण सीतेची आसवं या फुलांचा निळा-जांभळा गालिचा, मागचा कातळाचा सडा आणि वर उतरलेले ढग एकाच फ्रेममध्ये हवे होते, तिथे चाळीसच उपयोगी पडली. पाऊण किलोची लेन्स हातात धरून वाटेच्या कडेला उकिडवं बसणं माझ्या गुडघ्यांना परवडतही नाही. आईच्या ठुशीचे, जुन्या नाण्यांचे फोटोही चाळीसनेच काढतो. स्थिर वस्तू पळून जात नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी : विकणाऱ्याने 'एकदम क्लीन' म्हणून दिलेल्या माझ्या एकशेपाचमध्ये घरी आल्यावर, मागून मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. साफ करून घ्यायला वेगळे पैसे गेले. टॉर्च पैसे देण्याआधी मारा. आता दोन्ही लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असतात, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जेलचा रंग बघायचं काम बायकोने आपणहून अंगावर घेतलंय, कारण तो डबा मूळचा तिच्या पापडांचा.