वेळ पाळणारे मंगल कार्यालय

पुण्याच्या पेठांमधील ज्या मंगल कार्यालयाविषयी हे लिहीत आहे, त्याची वास्तू जुनी, जिने अरुंद आणि सजावट बेताचीच आहे. तरीही तेथील तारीख मिळावी म्हणून वधूपक्षाची मंडळी साखरपुडा होताच धाव घेतात, आणि त्याचे कारण एवढेच की तेथे कार्य ठरल्या वेळी सुरू होते व ठरल्या वेळी आटोपते. भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने तेथील सारी व्यवस्था जवळून पाहता आली. पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या या एकाच कार्यालयाच्या नाहीत, म्हणून नाव देत नाही. पेठांत वावरणाऱ्यांना ते ओळखता येईलच.

लग्नाचा मुहूर्त १२ वाजून ३३ मिनिटांचा होता. वैशाखात पुण्यामध्ये सूर्य माथ्यावर येतो तोच मुळी घड्याळात साडेबाराच्या सुमारास, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे माध्यान्हीचा अभिजित मुहूर्त धरला की लग्नाची गाठ थेट जेवणाच्या वेळेशी पडते. अशा मुहूर्ताला अर्धा तास उशीर झाला तर पाहुणे भुकेने चुळबुळू लागतात, लहान मुले रडू लागतात आणि आचाऱ्याची जिलबी मऊ पडते. आता मुहूर्त हुकतो तो बहुधा पाहुण्यांमुळे नव्हे, तर घरच्यांमुळेच. मुहूर्ताच्या क्षणी अंतरपाट दूर होऊन अक्षता पडायच्या असतात, म्हणजे मंगलाष्टके तोवर म्हणून झालेली असली पाहिजेत. पण बहुतेक ठिकाणी ती त्या वेळी जेमतेम सुरू होतात, कारण नवरदेव अजून फाटकाबाहेर बँडच्या तालावर नाचणाऱ्या मित्रांच्या गराड्यात असतो आणि इकडे दोन आत्या व एक मावशी आपापली स्वरचित मंगलाष्टके हातात घेऊन ध्वनिक्षेपकाजवळ उभ्या असतात.

या कार्यालयाने नेमके हेच दोन ठिकाणी धरले आहे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात व्यवस्थापकांनी दोन्ही घरच्या कर्त्या माणसांना आणि गुरुजींना एकत्र बसवले, कोण किती मंगलाष्टके म्हणणार याची यादी मागितली, प्रत्येकाला अंदाजे किती वेळ लागेल ते विचारले आणि मुहूर्तापासून मागे मोजत वधूला घेऊन मामांनी केव्हा निघायचे ती वेळ कागदावर लिहून दिली. वरातीचा बँड पावणेबारालाच फाटकावर थांबेल, हेही त्याच कागदावर होते. वरपक्षाकडील एका काकांना हे फारसे रुचले नाही. ‘लग्न आमचे की कार्यालयाचे?’ असे ते म्हणालेही. व्यवस्थापकांनी शांतपणे उत्तर दिले, ‘लग्न तुमचेच आहे, पण साडेतीनला दुसऱ्यांचेही आहे.’ वाद तेथेच मिटला.

बोहल्याशेजारी गुरुजींनी पाण्याच्या भांड्यात घटिकापात्र सोडले होते. तांब्याची ती लहानशी वाटी, तळाला बारीक छिद्र, आणि ती भरून बुडायला लागणारी २४ मिनिटे म्हणजे एक घटिका; पूर्वी लग्नाची वेळ याच वाटीवर ठरत असे. आज तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि वेळ पाहिली जाते ती गुरुजींच्या मोबाइलवर. गुरुजींनी दोनदा मोबाइल पाहिला, मावशींना हातानेच पुरे असे खुणावले, ‘तदेव लग्नं’ सुरू केले आणि बरोबर ३३ व्या मिनिटाला अक्षता पडल्या. सभागृह भरलेले होते, हे विशेष. एरवी साडेबाराच्या मुहूर्तासाठी बारा वाजता घर सोडणारी मंडळी या दिवशी सव्वाबाराच्या आत खुर्च्यांवर बसलेली होती, कारण पत्रिकेवर या कार्यालयाचे नाव वाचूनच त्यांनी लवकर निघायचे ठरवले होते. आपल्याकडची माणसे वेळ पाळत नाहीत असे सरसकट म्हटले जाते. मला वाटते, माणसे समोरच्या कार्याची पत जोखतात आणि त्याप्रमाणे निघतात.

जेवणाची व्यवस्था उत्तम. येथे बुफे मिळतो, परंतु आम्ही पंगतीचा आग्रह धरला आणि तो योग्य ठरला, कारण मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून झालेल्या पानापाशी उशिरा येऊन बसता येत नाही. पंगत उठेपर्यंत ताटकळत उभे राहावे लागते. पहिली पंगत पाऊण वाजता बसली. अळूची भाजी व मसालेभात गरम होता, मठ्ठा बेताचा आंबट, आणि वाढपी दुसऱ्यांदा विचारायला येत होते.

संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठीही हेच कार्यालय घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पत्रिकेत ‘७ ते ९.३०’ असे छापले की सात वाजता येणारा पाहुणा फसतो: व्यासपीठावरच्या खुर्च्या रिकाम्या, वधू अजून पार्लरमध्ये, आणि नवदांपत्याला भेटल्याशिवाय जेवायला जाणे शिष्टाचारात न बसणारे. ज्याने वेळ पाळली त्यालाच तासभर शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तोही सव्वाआठला येतो. मागे येथील एका स्वागत समारंभाला गेलो असता सात वाजता दांपत्य व्यासपीठावर उभे होते आणि सव्वासातला जेवण सुरू झाले होते. तशी अटच करारात असते, असे नंतर कळले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम तर २००० सालापासून साऱ्या देशाला लागू आहे, येथे तो पाळलाही जातो.

आता तक्रारी. कार्यालयाचा काटेकोरपणा सकाळी यजमानांच्या उपयोगी पडतो, दुपारनंतर तो यजमानांच्याच अंगावर येतो. विहिणीची पंगत शेवटची असते. तीत उखाणे होतात, आग्रह होतो, आणि ती रेंगाळते हीच तिची गंमत. आमच्या विहीणबाई तिसरा उखाणा घेत असताना मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या आणि त्यांच्या आवाजात उखाण्याचा शेवट कोणालाच ऐकू आला नाही. पाठवणीच्या वेळी, मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असताना, सभागृहातले पंखे बंद करण्यात आले. वैशाखातले ऊन आणि शालू नेसलेली वधू. असे कोणत्याही नियमाने करू नये. शिवाय खोल्यांमधले सामान हलवायला जी वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागली, त्यांचे पूर्ण तासाचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले. वाढीव वेळ तासानेच मोजली जाते हे करारात असेलही, पण नोंदणीच्या वेळी ते तोंडी सांगणे सहज शक्य होते. तारीख ठरवतानाच हा दर लेखी मागून घ्यावा आणि विहिणीची पंगत दुसऱ्या पंगतीबरोबरच बसवावी.

भाडे आसपासच्या कार्यालयांइतकेच आहे. लिफ्ट आहे, पण ती लहान आणि संथ, त्यामुळे वृद्ध पाहुण्यांना अर्धा तास आधी बोलवावे. दुचाकींसाठी जागा पुरेशी आहे. चारचाकी मात्र मोजक्याच मावतात, आणि नाशिकहून आलेले आमचे एक नातेवाईक वेळेत पेठेत पोहोचूनही गाडीसाठी जागा शोधत फिरत राहिले व अक्षतांना मुकले. ही अडचण व्यवस्थापकांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी नोंदवहीतून मान वर न करता सांगितले, की लवकर येणाऱ्यांना जागा मिळते.