साठीच्या उंबरठ्यावर घेतलेली मीटिओर ३५०, सात महिन्यांनी

गाडीचे रिव्ह्यू बहुतेक पंचविशीतली पोरं लिहितात, चांगलं लिहितात, पण मला जे हवं होतं ते त्यात कुठं सापडेना. टॉप स्पीड किती, आवाज कसा येतो, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. वय ५९, उंची पाच फूट पाच, बीपीची गोळी चालू, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अशा माणसानं ३५० सीसीची गाडी घ्यावी का, आणि घ्यायचीच तर कुठली, एवढंच मला बघायचं होतं. गेल्या ऑक्टोबरात रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० घेतली, ३५० पर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झाला त्याच्या नंतर लगेच. आता ४,२०० किलोमीटर झालेत. राहतो साताऱ्यात.

आधी वजनाचं बोलतो, कारण आपल्या वयात खरा धोका मला तरी वेगात दिसला नाही, थांबताना दिसला. आम्ही सगळे विचार करतो की ८० ला काय होईल. अरे ८० ला गाडी स्वतःच सरळ उभी असते. गाडी पडते ती पार्किंगमध्ये, चढावर, यू-टर्न घेताना, सिग्नलला एक पाय खड्ड्यात गेला की. आणि त्या क्षणाला दोनच गोष्टी उपयोगी पडतात, एक गाडीचं वजन आणि दुसरं म्हणजे तुमचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात का नुसते चवडे टेकतात. मीटिओरचं वजन १९१ किलो आहे, हलकी अजिबात नाही, आमची जुनी स्कूटर तिच्या जवळपास निम्मी. पण सीटची उंची ७६५ मिलिमीटर. त्याच कंपनीच्या क्लासिक ३५० ची ८०५ आहे. कागदावर चार सेंटिमीटरचा फरक, पण माझ्या पायात तोच फरक टाच टेकण्याचा आणि टाच हवेत राहण्याचा आहे. त्यांचीच हंटर आणि होंडाची हायनेस सीबी३५० दोन्ही १८१ किलोच्या, म्हणजे दहा किलो हलक्या, त्यांचाही विचार केला होता, पण बसून बघितल्यावर मी दहा किलो जास्त घेतले आणि टाचा टेकवून घेतल्या. तुमची उंची पाच आठ-नऊ असेल तर तुमचा निर्णय वेगळा येईल, तो आलाच पाहिजे. शोरूममध्ये चपला घालून बसू नका, ज्या बुटात चालवणार तेच बूट घालून जा.

शोरूमचं एक सांगतोच, नाव घेत नाही. पहिल्या ठिकाणी तो पोरगा म्हणाला काका तुम्ही स्कूटर बघा ना, वर आणि हसला. टेस्ट राइड दिली ती सुद्धा समोरच्या सपाट रस्त्यावर दोनशे मीटर. मी म्हणलं मला चढावर थांबून परत उचलून बघायचीय, मागं मिसेसना बसवून बघायचंय, तर म्हणे इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो. निघून आलो. दुसऱ्या ठिकाणी बाईने नीट अर्धा तास दिला, चढ दाखवला, इंजिन बंद ठेवून गाडी पुढेमागे ढकलायला सांगितली. ही ढकलायची टेस्ट प्रत्येकाने करा, कारण रोज सकाळी गेटमधून गाडी मागं घ्यायचीय ती तुम्हालाच.

आता पायाचं. माझी पिढी जुन्या बुलेटवर शिकली, वडिलांची होती घरी. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडायची कळ) दाबून अँपिअरचा काटा मधोमध आणायचा आणि मग किक, ज्यांनी मारलीय त्यांच्या पोटरीला अजून आठवत असेल. १९८५ ते ९८ मी तीच चालवली, नंतर वीस-पंचवीस वर्षं स्कूटर, म्हणजे पायाला काही कामच नाही. मला वाटलं जुनं सगळं विसरलो असेन. पाय विसरत नाही! घेऊन पंधरा दिवस झाले असतील, कोरेगाव रोडला एक कुत्रं डावीकडून अचानक आडवं आलं आणि माझा डावा पाय खाडकन खाली गेला, चाळीस वर्षांपूर्वी जिथं ब्रेक होता तिथं. आता तिथं गिअर आहे. तिसऱ्यातनं दुसरा पडला, इंजिन ओरडलं, मागचं चाक क्षणभर अडखळलं. हातानं पुढचा ब्रेक ओढलेला होता म्हणून वाचलो, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) लागलं ते लिव्हरमध्ये बोटांखाली थरथर कळते तशी कळली, गाडी सरळ राहिली. कुत्रं गेलं निघून. मी बाजूला थांबून दहा मिनिटं नुसता बसून होतो.

तर ज्यांना वाटतं की आपण पूर्वी एवढी चालवलीय, आपल्याला काय शिकायचंय, त्यांनी हे मनावर घ्या. तो अनुभव दुसऱ्या गाडीचा आहे, दुसऱ्या रस्त्याचा आहे आणि दुसऱ्या शरीराचा आहे. मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे मोकळ्या मैदानावर जायला लागलो. मिसेस रुमाल घेऊन उभ्या राहतात, मी ४० ला येतो, त्यांनी रुमाल सोडला की ब्रेक. रुमाल सोडला तिथपासून गाडी थांबली तिथपर्यंतची पावलं त्या मोजतात आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. पहिल्या दिवशी ३३ पावलं आली होती. महिन्याभरात २७ वर आलो. गाडी तीच, ब्रेक तेच (पुढं ३०० ची डिस्क, मागं २७० ची, दोन्ही चाकांना एबीएस, याबाबतीत गाडी चोख आहे). कमी झाली ती सहा पावलं माझी होती, डोळ्यापासून हातापर्यंत निरोप जायला लागणारा वेळ. हिशेब करून बघा, ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. वयामुळे अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर तुम्ही ब्रेक न लावता पुढं गेलेला असता. कारमध्ये त्या आठ मीटरची किंमत बंपर असते. इथं गुडघा असतो.

पडलोय का? हो, एकदा, वेग शून्य. यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराच्या रस्त्याला फोटोसाठी थांबलो, कडेला बारीक खडी होती आणि रस्ता डावीकडे उतरता. डावा पाय टेकवला तो खडीवर सरकला. एका कोनापर्यंत गाडी तोलता येते, त्याच्या पुढं १९१ किलो कुणी तोलू शकत नाही आणि तोलायला जाऊही नका, सोडून द्यायची. मी सोडली नाही. लेग गार्ड होता म्हणून पाय सुटला, त्यामुळं लेग गार्ड पहिल्या दिवशी लावून घ्या हे माझं ठाम मत. पण खरी चूक पुढं केली, वाकून हँडल धरून उचलायला गेलो आणि कमरेत अशी कळ गेली की बारा दिवस आडवा. शेवटी दोन कॉलेजच्या पोरांनीच उचलली, पाणी दिलं, एकजण यवतेश्वरपर्यंत मागोमाग आला, त्याचं भलं होवो.

उचलायची पद्धत मला नंतर एका जुन्या मेकॅनिकनं शिकवली. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद, गाडी गिअरमध्ये असू द्या म्हणजे चाक फिरत नाही. मग गाडीकडं पाठ करायची, बूड सीटच्या कडेला टेकवायचं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, पाठ ताठ, आणि मागं मागं छोटी पावलं टाकत मांड्यांच्या जोरावर उठायचं. उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी केली की पलीकडं जाईल. गादीवर गाडी आडवी घालून सराव केला, जमतं. ज्याला हे जमत नाही त्याने एकट्यानं आडवाटेला जाऊ नये, माझं स्पष्ट म्हणणं आहे.

इंजिनाबद्दल लांबण लावत नाही. ३४९ सीसी, २० बीएचपीच्या आसपास पॉवर, २७ न्यूटन मीटर टॉर्क, खालच्या वेगात सुद्धा न कुरकुरता ओढते, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. जुन्या बुलेटवर तासाभरात हात बधिर व्हायचे तसं होत नाही, आत थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे त्यानं फरक पडतो. नवीन मॉडेलला स्लिप-असिस्ट क्लच आलाय, अंगठ्याच्या सांध्याचा त्रास असलेल्यांना तो हलकेपणा कळेल. टायर ट्यूबलेस, म्हणजे पंक्चरला रस्त्यात चाक खोलायची वेळ येत नाही. ॲव्हरेज मला ३४ मिळतं. एक गोष्ट मात्र समजून घ्या, क्रूझर म्हटलं की पाय पुढं असतात, खड्डा आला तर स्टेपवर उभं राहून कंबर वाचवता येत नाही, धक्का थेट माकडहाडापर्यंत. मणक्याचा त्रास असेल तर हंटरसारखी पाय खाली असलेली गाडी बघा. मी दर चाळीस-पन्नास किलोमीटरला उतरतो, चहा असो नसो.

पोरानं विरोध केला होता, पुण्याला असतो. त्यानं सरकारी रिपोर्टच वाचून दाखवला, २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांच्या वर दुचाकीवरची. मी त्याच्याशी वाद घातला नाही कारण तो बरोबर आहे. बसून ठरवलं की या धोक्यातला कुठला भाग मी टाळू शकतो. पहिलं रात्र. ऑपरेशनच्या आधी समोरचा लाइट म्हणजे डोळ्यात चांदणी फुटायची, आता बरंच बरं आहे, तरी अंधारात नाही म्हणजे नाही. आमच्याकडं नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. संध्याकाळी सहा-सव्वासहाला त्या रंगात ती ट्रॉली दिसतच नाही, रस्ता आणि ऊस एकच होतो. एकदा वीस फुटांवर आल्यावर दिसली आणि त्या दिवसापासून साडेपाचला गाडी घरात. दुसरं हायवे. पुण्याला जायचं तर खंबाटकी आणि ते ट्रक, मी एसटीनं जातो. तिसरं, पहिला पाऊस. चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येतो आणि त्यावर पहिली सर पडली की साबण.

आणि गोळ्या. यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माझ्या एका मित्राची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. गल्लीतच स्कूटरवरनं पडला, हेल्मेट नव्हतं, डोकं थोडं आपटलं, टेंगूळ आलं, उठून घरी गेला. तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, बोलताना शब्द सापडेनात, चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं वयानं. स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साकळलेलं निघालं. ऑपरेशन झालं, आता ठीक आहे, पण दुचाकी सोडली. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गाडी घ्यायच्या आधी शोरूमला जाऊ नका, हार्टच्या डॉक्टरकडं जा आणि थेट विचारा. शुगरच्या गोळ्यावाल्यांनी उपाशीपोटी निघू नका. सर्दीची गोळी घेतली असेल त्या दिवशी गाडीला हात लावू नका, झोप येते ती सांगून येत नाही. मी स्वतः आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट, आत आर्मर असलेलं जॅकेट आणि नी गार्ड घातल्याशिवाय भाजीलाही जात नाही. लोक बघतात. बघू देत.

लायसन्सचं बघून घ्या, ५५ नंतर रिन्यू केलं की पाचच वर्षांचं मिळतं आणि डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. तो फॉर्म नुसता सही-शिक्क्यापुरता भरून घेऊ नका, डोळे खरंच तपासून घ्या आणि मान दोन्हीकडं किती वळते तेही बघा, कारण आरसा असला तरी खांद्यावरनं बघावंच लागतं. इन्शुरन्समध्ये मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर आहे का ते कागद काढून वाचा आणि घरच्यांना कुठं ठेवलाय ते सांगा.

मिसेसना मागं बसवतो का असं सगळे विचारतात. गाडीला बॅकरेस्ट आहे, त्या बसून खूष आहेत, पण गाडी, मी आणि त्या मिळून ३२५ किलोच्या वर जातो. गावात आणि वाईपर्यंत सकाळच्या वेळी, बस. हे त्यांनीच ठरवलं, त्यांचं हेल्मेट त्यांनीच निवडलं.

मग घ्यावी का? ज्याला टाचा टेकतात, जो पडलेली गाडी एकट्यानं उचलू शकतो, ज्याच्या डॉक्टरनं हो म्हणलंय आणि जो संध्याकाळी घरी येऊ शकतो त्याच्यासाठी मीटिओर फार चांगली गाडी आहे, मी परत हीच घेईन. सकाळी साडेसहाला यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, डाव्या हाताला खाली अख्खं सातारा आणि अजिंक्यतारा, गार वारं हेल्मेटच्या फटीतून, त्याच्यासाठी मी हे सगळं नियमाचं ओझं आनंदानं उचलतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही अजून मैदानावर जातो, रुमाल घेऊन. आकडा परत ३३ ला गेला आणि लागोपाठ दोन महिने तिथंच राहिला तर चावी मिसेसकडं जाणार, हे वहीच्या त्याच पानावर वर लिहून दोघांनी सह्या केल्यात. परवाच्या रविवारी २८ आली.