शांघायमध्ये 'चहाला चला' म्हणणाऱ्यांपासून सावध

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. ओटीपी सांगून पैसे घालवलेली माणसं महिन्यातून दोन-चार तरी समोर येतात. तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवताना माझ्या तोंडून हमखास निघायचं, "काका, पण तुम्ही दिलातच कसा?" पुढचं वाचून तुम्हाला मला तेच विचारावंसं वाटलं, तर खुशाल विचारा.

ऑक्टोबर २०१८. ह्यांना कंपनीने शांघायच्या पुडाँग भागातल्या मशिनरीच्या प्रदर्शनाला पाठवलं होतं. माझी रजा शिल्लक होती, तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं आणि मीही गेले. हे सकाळी आठला बाहेर पडायचे. मग मी, मेट्रोचं कार्ड आणि पर्समध्ये चिवड्याची पुडी. तिसऱ्या दिवशी पीपल्स स्क्वेअरचं शांघाय म्युझियम पाहिलं. ती इमारतच बाहेरून जुन्या काश्याच्या भांड्यासारखी आहे, वर कान काढलेले. आत तीन-तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी बघून पाय गेले, म्हणून बाहेर बागेच्या कठड्यावर बसले. हवेत पिकलेल्या जर्दाळूसारखा गोड वास होता.

"आमचा फोटो काढाल का?" दोन मुली. एकीला चष्मा, एकीची वेणी. विशी-बाविशीच्या, पाठीला सॅक, अगदी आपल्याकडच्या कॉलेजातल्या. फोटो काढला. मग कुठल्या तुम्ही, एकट्याच का, शांघाय कसं वाटलं. इंडिया म्हटल्यावर दोघी किंचाळल्याच, "आमिर खान!" त्या म्हणाल्या, आम्ही शिआनच्या, इंग्रजी शिकतोय, सुट्टीत फिरायला आलोय. मी त्यांना चिवडा दिला. शेंगदाणे वेचून खाल्ले त्यांनी. तो वास कसला विचारलं, तर वेणीवालीने मला हाताला धरून एका झाडाशी नेलं आणि पानांत लपलेली मोहरीएवढी पिवळी फुलं दाखवली. ग्वेहुआ. शरद ऋतूत फुलतात, आणि त्यांची मिठाई करतात.

इथे मी स्वतःच गळ गिळला. म्हटलं, मी शाकाहारी आहे गं, इथे काय खावं तेच कळत नाही, गोडाचं तर काहीच मिळालं नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही आता एका जुन्या पद्धतीच्या चहाघरातच निघालोय, तिथे ग्वेहुआची वडी मिळते, मुगाची मिळते, सगळं शाकाहारी. येता? आजचा शेवटचा दिवस आहे चहाच्या उत्सवाचा.

उत्सव वगैरे काही नव्हता, हे नंतर कळलं. पण मी कुठे उत्सवासाठी गेले? मी त्या पोरींच्या आपलेपणासाठी गेले आणि मुगाच्या वडीसाठी.

चालत दहा मिनिटं. नानजिंग रोडचा झगमगाट सोडून मागच्या गल्लीत, एका साध्या इमारतीत लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. बाहेर पाटी होती की नाही, मला आठवत नाही, आणि हेच पुढे महागात पडलं. आत मात्र दृष्ट लागावी असं. लाल कंदील, कोरीव लाकडी पडदा, कुठूनतरी तंतुवाद्य. आम्हाला एका लहान खोलीत बसवलं. खिडकी नाही. दार अलगद ओढून घेतलं. आज लिहिताना ते दार ऐकू येतं. तेव्हा वाटलं, वा, काय निवांत आहे.

चिनी पोशाखातली बाई आली आणि तिने जो चहा केला, तो करणं सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू. समोर फटी असलेला लाकडी पाट, खाली पाणी झिरपायला खण. आधी उकळतं पाणी पेल्यांवरून ओतायचं, पहिल्या पाण्याने पानं नुसती धुऊन ते पाणी फेकायचं, मग झाकणाच्या वाटीत दुसरं पाणी. पेले एवढे बुटके की आपल्या तीर्थाच्या पळीत जास्त मावेल. पाटाच्या कोपऱ्यात मातीचा तीन पायांचा बेडूक, तोंडात नाणं. उरलेला चहा त्याच्या डोक्यावर ओतायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा, म्हणजे घरात पैसा येतो. मी फिरवला!

चष्मेवालीने एक रीत शिकवली. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच वाजवायची. हा नमस्कार. अठराव्या शतकातला चीनचा छ्यानलाँग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने नोकराच्या पेल्यात चहा ओतला, नोकराला उघड दंडवत घालता येईना, म्हणून त्याने बोटांचे गुडघे टेकवले, अशी गोष्ट सांगतात. मी म्हटलं, आमच्या भाषेतही चहाच म्हणतात, शब्द तुमचाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी भाव कोण विचारणार?

तरी मी विचारला, बँकेतली सवय. त्या बाईने हसत एक जाडजूड कार्ड उघडलं, सगळं चिनी लिपीत, आणि एका ओळीवर नखाने आकडा दाखवला: ४८. तेव्हा एक युआन साडेदहा रुपयांचा होता. म्हणजे पाचशे रुपयांत किटली, तिघींत. महाग, पण शांघाय आहे, चालायचंच. कार्ड मिटलं. पुन्हा विचारावंसं वाटलं होतं, खोटं नाही सांगत. पण पोरी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, म्हणतील इंडियाची बाई पै-पै मोजते. आपल्याकडे म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण. ही म्हण मला पाठ आहे. उपयोग शून्य.

मग एकामागून एक सहा चहा आले. चमेलीच्या वासाचा, पानं मोत्यांसारखी वळलेला, लिचीचा, जिनसेंगचा, जो प्यायल्यावर घशात गोड लागतो, मग काचेच्या भांड्यात आपोआप उमलणारं फूल. प्रत्येकाचे दोन-दोन घोट झाले की पानं टाकून पुढचा. इथे कुणी जाणकार असता तर चमकला असता, कारण ऊलाँग नावाच्या चिनी चहाची, तो चांगला असेल तर, तीच पानं पाच-सहा वेळा पाणी घेतात आणि तिसरं-चौथं पाणीच बरेचदा जास्त गोड लागतं. पानं इतक्या घाईने टाकणारा माणूस चहा पाजत नसतो, मीटर फिरवत असतो. मधेमधे बशा. ग्वेहुआची वडी पांढरी, थरथरती, वर पिवळी फुलं. मुगाची वडी साच्यातली, तोंडात पीठ होणारी. भाजलेल्या बिया. आम्ही मागवलं काहीच नाही. मुली मान हलवायच्या आणि बशी यायची.

निघताना आईसाठी घ्या, सासूसाठी घ्या म्हणत चहाचे दोन डबे पुढे आले. प्रत्येकी ३८०. वेणीवालीने स्वतःसाठी एक घेतला, लगेच. मग मीही दोन घेतले.

बिल आलं ते हाताने लिहिलेलं, चिनीत, आकडे तेवढे आपले. मी मागून मागून हिशेब समजून घेतला तो असा. ४८ हा भाव किटलीचा नव्हता, दर माणशी दर चहाचा होता. सहा चहा, तीन माणसं, ८६४. चार बशा ६८ प्रमाणे, २७२. खोलीचं भाडं माणशी १००, म्हणजे ३००. वर दहा टक्के सेवा. एकूण १५८०. डबे वेगळे, ७६०.

माझा चेहरा पडला. पोरींचाही पडला, आणि काय पडला! चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी. दोघींनी पाकिटं उलटी करून दोनशे-दोनशे काढले, आम्ही विद्यार्थी आहोत, एवढंच आहे, आम्हाला फार लाज वाटतेय. आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, त्यांना म्हणाले, असू दे गं, मी बघते. त्यांच्या डब्याचे पैसे कुणी दिले, की दिलेच नाहीत, हे बघायचंही भान राहिलं नाही. दारात एक माणूस स्वाइप मशीन घेऊन उभा होता. एक शब्द बोलला नाही. नुसता दारात उभा. मी कार्ड दिलं, पिन दाबला. १९४० युआन. पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं बिल आलं त्यात परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून एकवीस हजार दोनशेच्या आसपास गेले होते.

खाली रस्त्यावर आल्यावर पोरींनी मला मिठी मारली. "मेट्रो तिकडे." आणि त्या उलट्या दिशेला गेल्या. दहा पावलांवर मी वळून पाहिलं तर दोघी त्याच इमारतीत परत शिरत होत्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत, त्याने जास्त लागलं. ह्यांच्या पुरवठादाराचा एक चिनी प्रतिनिधी जेवायला बरोबर होता. माझं दोन वाक्यं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. शांघायला पीपल्स स्क्वेअर, नानजिंग रोड आणि 'बंड' म्हणतात तो नदीकाठ, बीजिंगला वांगफुजिंग आणि तिआनआनमेन, ही या धंद्याची नेहमीची ठिकाणं, म्हणाला. कधी चहाघर, कधी चित्रांचं प्रदर्शन, पुरुष एकटा असेल तर बार. सुरुवात बहुधा फोटोने. मुली कमिशनवर असतात, दिलेले पैसे त्यांना परत मिळतात. त्याने पहिला प्रश्न विचारला, फापियाओ घेतलीत का? चीनमध्ये दुकानदाराने द्यायची ती कराची अधिकृत पावती. ती मागितली की अशी दुकानं गडबडतात. माझ्याकडे होती ती मशीनमधून निघालेली चिठ्ठी, आणि तिच्यावर भलत्याच कुठल्यातरी व्यापारी कंपनीचं नाव.

तो म्हणाला, तिथून निघायच्या आत ११० ला फोन केला असतात तर पोलिसांसमोर थोडेफार पैसे परत मिळायचा संभव होता. अजूनही जाऊ, मी येतो दुभाष्या म्हणून. ग्राहक तक्रारीसाठी १२३१५ हाही क्रमांक त्याने कागदावर लिहून दिला. मी गेले नाही. पाटी आठवत नव्हती हे कारण मी सांगितलं. खरं कारण लाज. परक्या गावच्या पोलीस चौकीत बसून सहा चहा आणि चार बशांचं वर्णन कोण करणार? हाच हिशेब त्या लोकांनीही केलेला असतो. आणि बँकेकडे वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे मला कोण सांगणार, मीच रोज लोकांना सांगते: कार्ड तुमच्या हातात, पिन तुम्ही दाबलेला, व्यवहार तुमचाच.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. जुन्या पद्धतीच्या कितीतरी चिनी मिठायांत डुकराची चरबी घालतात. मुगाच्या वडीतसुद्धा? कधी कधी, म्हणाला. यावर मी अजून विचार करत नाही. पण तुम्ही शाकाहारी असाल तर 'वो ची सू', मी शाकाहारी खाते, एवढं पाठ करून जा, आणि सोबत आलेल्यांच्या नाही, दुकानदाराच्या तोंडून उत्तर घ्या.

शेवटच्या दिवशी हे मुद्दाम मला यूयुआन बागेशेजारच्या हूशिन्तिंगमध्ये घेऊन गेले. तळ्यात मधोमध उभं असलेलं, नऊ वळणांच्या पुलाने जोडलेलं चहाघर. इमारत १७८४ची, त्याच छ्यानलाँगच्या काळातली. १९८६ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथे चहा प्यायली होती. मला जायचं नव्हतं. चहाचं नाव नको झालं होतं. हे म्हणाले, "अगं, घोड्यावरून पडलीस तर लगेच बसायचं असतं." वर गेलो, खिडकीपाशी जागा मिळाली. चहा इथेही स्वस्त नव्हता, पण भाव कार्डावर इंग्रजीत छापलेला, माणशी किती आणि त्यात खायला काय ते सगळं. ह्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि त्या मुलीला दोनदा विचारलं. ती जराही रागावली नाही. एकच चहा घेतला. तासभर त्याच पानांवर गरम पाणी येत राहिलं.

तिसऱ्यांदा ती पाणी ओतायला आली तेव्हा माझी दोन बोटं टेबलावर आपोआप वाजली. ह्यांनी पाहिलं.

"हे कुठे शिकलीस?"

"परवाच्या क्लासमध्ये. फी भरली ना मी."