मसाला नूडल्स: कमी मिठाच्या जिभेला कशा लागतात

मसाल्याच्या पुडीसकट मिळणारं, साधारण 70 ग्रॅमचं नूडल्सचं पाकीट. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण या प्रकारातल्या बहुतेक पाकिटांची घडण सारखीच असते. दोन-तीन महिने घरचं, बेताच्या मिठाचं जेवण झालं की हे पाकीट नकोसं का होतं?

पहिलाच घास खारट लागतो. पाकीट तेच असतं, जिभेची सवय उतरलेली असते, आणि ती उतरायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. मीठ किती ते मोजायचं असेल तर पाकिटामागचा सोडियमचा आकडा अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आकडा 100 ग्रॅमचा दिलाय की एका पाकिटाचा, हे आधी बघा. फसगत तिथेच होते.

खारटपणामागोमाग तेल जाणवतं. नूडल्स आधी वाफवून मग बहुधा पामतेलात तळतात. तळताना आतलं पाणी उडून बारीक छिद्रं पडतात, त्यांतून उकळतं पाणी झटकन शिरतं आणि दोन-तीन मिनिटांत नूडल्स शिजतात. पण पामतेल घराच्या नेहमीच्या तापमानालाही अर्धवट गोठतं. वाटी निवायला लागली की टाळूवर मेणासारखा थर बसतो तो त्याचाच. वरण-भाकरीची सवय झालेल्या तोंडाला तो लगेच खटकतो. पुडीच्या घटकांच्या यादीत 627, 631 किंवा 635 हे आकडे असतील तर ती चव वाढवणारी द्रव्यं. त्यांना परवानगी आहे, पण त्यांच्यापुढे गाजर-वाटाण्याची स्वतःची गोडी कळतच नाही.

'आटा' किंवा 'मल्टिग्रेन' या शब्दांवर विसंबू नका. घटकांच्या यादीत सर्वांत जास्त वजनाचा पदार्थ पहिला असतो, तिथे मैदा आहे का ते पाहा. हवेवर वाळवलेल्या, न तळलेल्या नूडल्स शिजायला थोडा जास्त वेळ घेतात, पण चरबी फार कमी. घ्यायच्याच तर त्या घ्या.

घरचं मीठ एकदम निम्मं करू नका. जेवण फिकं लागतं, मग पानात लोणचं-पापड वाढतात आणि मीठ उलट जास्त जातं. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवा. आमसूल, लिंबू, दाण्याचा कूट, जिऱ्याची फोडणी यांनी कमी मीठ भागतं. पालेभाजीत मीठ भाजी आळल्यावरच घाला. कच्च्या ढिगाच्या अंदाजाने घातलं की खारट होणारच. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ किंचित कडवट लागतं, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

नूडल्स करायच्याच असतील तर साध्या पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या, वर तरंगणारं थोडं तेल त्याबरोबर जातं. मग वाटीभर वाफवलेल्या भाज्या, पाव वाटी गरम पाणी आणि अर्धीच पुडी. पुडी अर्धी आणि पाणी पाकिटावर लिहिलेलं तेवढंच ठेवलं तर सगळं पाणचट होतं. वरून लिंबू पिळा, गरम असतानाच खा. उरलेली अर्धी पुडी बटाट्याच्या भाजीत घातलीत तर त्या भाजीत वेगळं मीठ नको.

आमचं मत विचाराल तर याच पैशांत गव्हाच्या भाजलेल्या शेवया आणाव्यात. एक वाटी शेवयांना सव्वा ते दीड वाटी आधणाचं पाणी, दोन चमचे तेलाची मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, कांदा, मटार आणि पाव चमचा मीठ. पाणी आधी घालून शेवया नंतर टाका आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाचेक मिनिटं वाफ द्या. सारख्या ढवळल्या तर त्यांचा गोळा होतो.