आयटीसीचे साठ हजार

मागच्या मंगळवारी सकाळचा सराव संपल्यावर अठरा वर्षांचा एक पोरगा ग्राउंडवर रेंगाळला. बाकीचे गेले तसा त्याने फोन पुढे केला. "दादा, हे जरा बघाल का?" थायलंडमधल्या एका फुटबॉल क्लबचं पत्र होतं. कोपऱ्यात क्लबचं चिन्ह, खाली सही-शिक्का, मध्ये ट्रायलसाठी निवड झाल्याबद्दल अभिनंदन. 'मिडफिल्डर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'डी' गळलेला. २०२३ साली मला आलेल्या पत्रातही नेमका तोच 'डी' गळला होता. क्लबचं नाव तेवढं आता वेगळं आहे.

खोटं पत्र देऊन मला फसवणारा माणूस अजून तोच धंदा करतोय, म्हणून हे लिहितोय.

मी मिडफिल्डर. डिफेन्सच्या पुढे उभा राहून खेळतो, आम्ही त्याला 'सिक्स' म्हणतो. नायगावात शिकलो, मग मुंबईची लीग, कूपरेजचं मैदान. माझे वडील कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचे. त्यांच्या काळात चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत, एअर इंडियात नोकरी लागायची आणि घरचे निर्धास्त व्हायचे. मी वीस वर्षांचा झालो त्याच वर्षी, २०१० मध्ये, महिंद्रा युनायटेड बंद झाला. लहानपणापासून ज्या संघाची जर्सी घालायचं मनात होतं तोच राहिला नाही. मी मुंबईबाहेर पडलो. गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ, मध्ये दोनदा परत मुंबई. तेरा वर्षांत नऊ क्लब. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही मोठी लीग सुरू झाली, तिथपर्यंत मी कधी पोचलो नाही. आय-लीग, तिची सेकंड डिव्हिजन, राज्यांच्या लीगा, एवढ्यातच खेळलो. याची मला लाज नाही. देशातले बहुतेक व्यावसायिक फुटबॉलर असेच जगतात.

पण असं जगताना काय होतं ते सांगायला हवं, कारण फसवणारा नेमका तिथेच हात घालतो. करार एका सीझनचा, म्हणजे सात-आठ महिन्यांचा. सीझन संपला की बॅग घेऊन घरी यायचं आणि फोनची वाट बघायची. जून-जुलैत घरभाडं चालूच असतं, मुलीच्या शाळेची फी त्याच वेळी भरायची असते आणि पगार नसतो. बायको तोंडाने काही विचारत नाही, पण फोन वाजला की हातातलं काम थांबवते. २०२३ ला मी तेहेतीस वर्षांचा होतो, गुडघा दुखत होता आणि जुन्या क्लबकडून दोन महिन्यांचा पगार यायचा होता. अशा माणसाला कोणी फोन केला तर तो ऐकणारच.

स्वतःला एजंट म्हणवणाऱ्या त्या माणसाने फोन केला आणि पैशांचा विषयच काढला नाही. माझ्या एका मॅचचं बोलला. "साठाव्या मिनिटानंतर तुम्ही तो बॉल घेतलात ना, यायच्या आधीच अंग अर्धं वळवून ठेवलं होतंत. एका टचमध्ये दिशा बदललीत. हे इकडे कोणाला दिसत नाही." खरंच दिसत नाही. माझ्या जागेवरचा माणूस गोल करत नाही, हायलाइट्समध्ये येत नाही. तेरा वर्षांत एखाद्या कोचने असं बोलून दाखवलं असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने. आता कळतं की दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून हे कोणालाही सांगता येतं.

अंधेरीच्या एका हॉटेलात भेटलो. मराठी बोलणारा, नीटनेटका. लायसन्सचं मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. फिफाचे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे, एजंटांसाठीचे नवे नियम त्याच वर्षी आले होते. एप्रिल २०२३ मध्ये पहिली परीक्षा झाली होती आणि १ ऑक्टोबरपासून लायसन्स सक्तीचं होणार होतं. त्याने हेच माझ्यावर फिरवलं. "परीक्षा पास झालोय, कार्ड यायचंय. ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांचंच असं आहे." तारखा खऱ्या होत्या, म्हणून माणूसही खरा वाटला. लायसन्स मिळालेल्या एजंटांची यादी फिफाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली असते, नाव टाकलं की कळतं. मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही आधी ते बघा.

पैसे एकदम मागितले नाहीत. नोंदणीचे २५,००० रुपये. मग व्हिडिओ 'तिकडच्या पद्धतीने' कापून द्यायचे १८,०००. मग एका संध्याकाळी घाईघाईने फोन: क्लब तयार आहे, फक्त आयटीसी अडलंय, उद्या दुपारपर्यंत ६०,००० भरा. आयटीसी म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना लागणारं ट्रान्सफर सर्टिफिकेट. आमच्यासारख्यांना हा शब्द माहीत असतो, त्यामागचा कारभार माहीत नसतो. मी भरले.

हा कारभार आता नीट समजून घेतलाय. आयटीसी खेळाडूच्या हातात येतच नाही. नवा क्लब फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेत ट्रान्सफर टाकतो, तिकडची फुटबॉल संघटना इकडच्या संघटनेकडे सर्टिफिकेट मागते आणि ते एका संघटनेकडून दुसरीकडे जातं. आणि ते विनामूल्य द्यायचं असतं, हे फिफाच्या नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे जी गोष्ट फुकट आहे आणि माझ्या हातातून जाणारही नव्हती, तिचे मी साठ हजार दिले. एजंटचा मोबदलाही करार झाल्यावर, मिळणाऱ्या पैशांतून ठरलेल्या टक्क्यांनी असतो. करार व्हायच्या आधी जो पैसे मागतो, त्याला तुमच्या करारात रस कशाला असेल?

शेवटी व्हिसा आणि राहण्याचे ९०,०००. एकूण १,९३,००० रुपये. प्रत्येक वेळी खातं वेगळ्याच कोणाच्या तरी नावावर, आणि पावती मात्र क्लबच्या लेटरहेडवर.

माझे पैसे गेले, ते मी सोसलं असतं. पण तो म्हणाला, "कॅम्पमध्ये अजून दोन जागा आहेत, तुमच्या ओळखीची चांगली पोरं असतील तर सांगा." आमच्या चाळीतली दोन पोरं माझ्याबरोबर ग्राउंडवर यायची. मी त्यांच्या घरी गेलो. एकाच्या आईने, काकूंनी, सरळ विचारलं, "तू खात्री देतोस ना?" मी हो म्हणालो. प्रत्येकी १,१०,००० रुपये. काकूंनी पाटल्या गहाण ठेवल्या.

जुलैमध्ये आम्ही तिघे बँकॉकला उतरलो. विमानतळावरच मिळणारा व्हिसा तेव्हा २,००० थाई बातचा होता, पंधरा दिवसांचा, फिरायला येणाऱ्यांसाठीचा. त्यावर तिथे नोकरी करता येत नाही, आणि क्लबसाठी पगार घेऊन खेळणं ही नोकरीच. त्याला वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. रांगेत उभं असताना नव्वद हजारांचा हिशोब मनात आला होता. पोरं बरोबर होती म्हणून गप्प राहिलो.

नऊ दिवस भाड्याच्या टर्फवर 'ट्रायल' झाली. कोच म्हणून उभा असलेला माणूस कोणाचंच नाव विचारत नव्हता, वहीत काही लिहीत नव्हता. समोरच्या टीममध्ये केरळची पोरं होती, आफ्रिकेतली होती. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना बोलणं झालं, तेव्हा कळलं की तेही सगळे पैसे भरून आलेत. म्हणजे क्लब कुठेच नव्हता, आम्हीच एकमेकांविरुद्ध खेळत होतो. तरी पोरं जीव तोडून पळत होती. धाकट्याने एका मॅचमध्ये दोन गोल केले आणि माझ्याकडे बघून हात वर केला. मी त्याला काय सांगणार होतो?

दहाव्या दिवशी पत्र घेऊन मी एकटाच त्या क्लबच्या ऑफिसात गेलो. क्लब खरा होता. तिथल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, फोनवर भाषांतर करून मला दाखवलं: ही सही आमच्या कोणाची नाही. ईमेलचा पत्ताही आमचा नाही. मग त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या वर्षभरात आलेला मी पहिलाच नव्हतो.

परत आल्यावर मी आणखी एक चूक केली. तेवीस दिवस कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होती, आणि "पैसे परत करतो" म्हणून तो मेसेज करत राहिला. ऑनलाइन पैसे गेले की त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, कारण तक्रार लवकर गेली तर पैसे खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. तेवीस दिवसांत खाती रिकामी झाली होती. नंतर कलम ४२० खाली गुन्हा दाखल झाला (आता त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे). तपास चालू आहे. पैसे आलेले नाहीत.

पोरांचे २,२०,००० मी फेडतोय. सकाळी लहान मुलांना शिकवतो, त्यातून दर महिन्याला दोन्ही घरी चार-चार हजार जातात. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. धाकटा अजून मुंबईच्या लीगमध्ये खेळतो. मोठा लोअर परळला कामाला लागला, ग्राउंडवर येत नाही. चांगला मिडफिल्डर झाला असता, माझ्यापेक्षा चांगला.

मंगळवारच्या पोराला शनिवारपर्यंत चाळीस हजार भरायला सांगितलं होतं. आम्ही दोघांनी त्या क्लबच्या वेबसाइटवरून पत्ता घेतला आणि पत्र जोडून साधा ईमेल केला: हे तुम्ही पाठवलंय का? गुरुवारी उत्तर आलं, नाही. त्याने पैसे भरले नाहीत. मेसेज, पत्र, खातेक्रमांक हे सगळं आम्ही पोलीस स्टेशनात माझ्या जुन्या तक्रारीला जोडायला दिलं.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल, पैसे भरले असतील किंवा भरायचे असतील, तर त्यातलं काही पुसू नका. मी रोज साडेसहा ते नऊ नायगावच्या ग्राउंडवर असतो. पत्र घेऊन या, आईवडिलांना घेऊन या. क्लबला ईमेल आपण तिथेच बसून लिहू.