जीबीएम अजाइल: औषध म्हणून नव्हे, सोय म्हणून पाहिलं तर

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगावरची औषधं तपासणाऱ्या, 2019 पासून चालू असलेल्या जीबीएम अजाइल या चाचणीबद्दल परदेशातले नातेवाईक हमखास विचारतात. ग्लोबल कोअ‍ॅलिशन फॉर अ‍ॅडॅप्टिव्ह रिसर्च ही ना-नफा संस्था ती चालवते. प्रत्येक कंपनीने आपापली चाचणी आणि आपापला नियंत्रण गट (तुलनेसाठी नेहमीचे उपचार घेणारे रुग्ण) उभा करण्याऐवजी इथे आराखडा कायम राहतो, औषधं येतात आणि जातात. नियंत्रण गट सगळ्यांचा सामाईक.

रुग्णाचा फायदा इथेच आहे. पहिल्या टप्प्यात नियंत्रण गटात जेमतेम 20 टक्के रुग्ण जातात. बाकीचे औषधांमध्ये विभागले जातात आणि ज्या औषधाचे आकडे बरे दिसतील, त्याच्या वाट्याला पुढचे रुग्ण जास्त येतात. खोटी गोळी कुणालाच नाही. नियंत्रण गटातल्या नव्या रुग्णाला रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोथेरपी, आजार उलटलेल्याला लोमुस्टिन ही केमोथेरपी. एका औषधाला पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त 150 रुग्ण. तिथे टिकलं तरच दुसऱ्या टप्प्यात आणखी 50. मोजमाप एकच: माणूस किती जगला. स्कॅनवर गाठ आकसली, एवढ्यावर इथे कुणी खूश होत नाही.

म्हणूनच निकाल कडू आहेत. रेगोराफेनिब, पॅक्सालिसिब, व्हॅल-083 ही सगळी बाद झाली आणि यातून एकाही औषधाला अजून मान्यता मिळालेली नाही. पॅक्सालिसिबची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. गाठीतल्या एमजीएमटी जनुकावर मिथायलेशन (एक रासायनिक खूण) नसलेल्या नव्या रुग्णांत, मुख्य विश्लेषणात औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य 14.77 महिने, नियंत्रण गटाचं 13.84, म्हणजे नगण्य फरक. कंपनीने मात्र त्याच काळात दाखल झालेल्या नियंत्रण रुग्णांशी केलेली दुय्यम तुलना पुढे केली: 15.54 विरुद्ध 11.89. बातमीत दुसरी जोडी दिसली की पहिली शोधावी. निकामी औषध लवकर बाजूला होणं हेही कामच आहे, पण ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला ते समाधान पुरत नाही.

दाराशी अडतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, गाठीचा तुकडा. एमजीएमटी तपासल्याशिवाय नव्या रुग्णाचा गट ठरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीतून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून ठेवा. नुसता रिपोर्ट किंवा रंगवलेली स्लाइड चालत नाही. भारतात ऑपरेशन होऊन तिकडे जाणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. दोन, बेव्हासिझुमॅब हे औषध. आजार उलटल्यावर सूज उतरवायला ते घाईने सुरू केलं की या चाचणीचं दार बंद होतं. डॉक्टरांना आधी विचारा, ‘हे दिलं तर कुठल्या चाचण्या हातच्या जातील?’ स्वतःची निगा स्वतः राखता न येण्याइतकी तब्येत खालावली असेल, तरीही प्रवेश कठीण.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या केंद्रांवर प्रत्यक्ष जावं लागतं. पुण्याहून फाइल पाठवून नाव लागत नाही. चालू औषधं आणि केंद्रं पाहायला क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर एनसीटी03970447 टाका. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, पण तिथला शोध कच्चा आहे: ‘ग्लायोमा’, ‘ग्लायोब्लास्टोमा’ आणि ‘ब्रेन ट्यूमर’ हे तिन्ही शब्द इंग्रजी अक्षरांत वेगवेगळे टाकून पाहा, ट्यूमरची ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग वापरा, आणि नोंदीत भरती खरंच चालू आहे का ते वाचूनच फोन करा.