डिश ठेवावी की ॲपवर जावे? सेलूतल्या एका घराचा अनुभव

दिवाळीला आलेल्या मेव्हण्यांनी निघता निघता विचारले, "दाजी, डिशचा रिचार्ज संपत आलाय. तो करावा, की पोरं म्हणतात तसं फायबरचं नेट घेऊन सगळं ॲपवरच पाहावं?" त्या घाईत मला त्यांना धड उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न आमच्या सेलूतही दोघा-तिघांनी विचारला आणि मी या दोन्ही वाटांनी जाऊन आलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिणे बरे, असे वाटले. घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले असो की परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेलूतले, लहान गावातल्या घरांची अडचण फारशी वेगळी नसावी.

आमच्या घरी 2019 पर्यंत केबल होती. त्या वर्षी 1 फेब्रुवारीपासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेची, नवी दरपद्धत आली, पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये आणि 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, शिवाय सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा हिशेब सुरू झाला, आणि त्या गोंधळात आम्ही केबल सोडून डिश घेतली. 2023 मध्ये आयपीएलचे सामने जिओसिनेमावर विनाशुल्क दिसू लागले तेव्हा मुलाने आग्रह धरला. फायबरची जोडणी आली, डिशचा रिचार्ज थांबला आणि पुढची दोन वर्षे आम्ही जे पाहिले ते ॲपवरच पाहिले. 2025 च्या पावसाळ्याच्या शेवटी डिश पुन्हा सुरू केली. पुढे लिहिले आहे ते या सहा-सात वर्षांच्या वापरावरून. मी मोजमाप करून नोंदी ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी तो खुशाल जमेस धरावा.

पैशांचा मुद्दा लोक आधी काढतात, पण माझ्या मते निर्णय त्यावर ठरत नाही. डिशचे मूळ शुल्क किती असावे यावरची मर्यादा ट्रायने जुलै 2024 मध्ये काढली, तरी आमच्या मराठी वाहिन्या आणि एक खेळाची वाहिनी एवढ्या पॅकमध्ये दरमहा फार मोठा फरक पडलेला नाही. फायबर आणि दोन-तीन ॲप यांची बेरीज डिशपेक्षा जास्तच होते. मात्र मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी घरात फायबर आधीपासून असेल, तर त्याचे पैसे टीव्हीच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही, आणि मग ॲपचे पारडे जड होते. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: बहुतेक ॲपची सर्वांत स्वस्त योजना फक्त मोबाइलवर चालते, टीव्हीवर नाही, आणि आमच्या ओळखीतल्या दोघांनी वर्षाचे पैसे भरल्यानंतर हे त्यांच्या लक्षात आले. फायबर न घेता मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर भागवू, असे कोणी म्हणत असेल तर त्याने तो विचार सोडावा. एचडी चित्राला तासाला सुमारे 3 जीबी लागतात, म्हणजे दीड जीबीत एक कार्यक्रमसुद्धा धड पुरा होत नाही.

काय पाहायला मिळते, या बाबतीत ॲपचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे आणि संध्याकाळी सात ते नऊ हा मालिकांचा वेळ तिचा स्वयंपाकात आणि वह्या तपासण्यात जातो. तिला रात्री दहानंतर, हवा तो भाग, हवा तिथे थांबवून पाहता येतो, ही सोय डिशवर रेकॉर्डिंगचा बॉक्स घेतल्याशिवाय मिळत नाही. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत जे लोक रानातून उशिरा परततात त्यांनाही ही सोय मोलाची वाटते. परंतु मराठी वाहिन्या पाहणाऱ्या घराची एक गैरसोय आहे. झी मराठीच्या मालिका झी5 वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, अशी विभागणी असल्यामुळे डिशवर एकाखाली एक असलेल्या चार वाहिन्यांसाठी तीन ॲप आणि तीन वर्गण्या सांभाळाव्या लागतात. आमची आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला वाहिन्यांचे आकडे पाठ आहेत. ॲपमधली चित्रांची रांग तिला परकी वाटते, आणि अधूनमधून ॲपने पुन्हा ओटीपी मागितला की तो मुलाच्या फोनवर छत्रपती संभाजीनगरला जातो. तो वर्गात असला तर आई टीव्ही बंद करून बसून राहते. हे मला मनापासून लागत असे.

तरीही, यातल्या कशामुळे मी डिशकडे परतलो नाही. माझा निर्णय विजेने केला, आणि त्यातही माझ्या घरच्या विजेने नव्हे, गल्लीतल्या विजेने.

आपल्याकडे लाइट जाते. कधी भारनियमनाने, कधी फेज गेल्यामुळे, आणि उन्हाळ्यात डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की कधी दोन-दोन दिवस. म्हणून बहुतेकांच्या घरी इन्व्हर्टर आहे, आणि टीव्ही व बॉक्स एवढा भार तो सहज तीन-चार तास ओढतो. मी असे धरून चाललो होतो की डिशचा बॉक्स इन्व्हर्टरवर चालतो तसा राउटरही चालेल. राउटर चालतच होता, त्याचे हिरवे दिवे लागत होते, पण नेट मात्र नसे. पहिले सहा महिने मी राउटर बंद-चालू करत राहिलो, कंपनीला तक्रारी करत राहिलो, आणि दरवेळी तिकडून उत्तर यायचे की केंद्रावर काही बिघाड नाही.

एका संध्याकाळी जोडणी करणारा मुलगा स्वतः आला आणि त्याने मला खांबावरची पेटी दाखवली. मुख्य केंद्रापासून त्या पेटीपर्यंत काचेचा तंतू येतो, पेटीत एक छोटा स्विच असतो, आणि तिथून साध्या तांब्याच्या तारेने दहा-बारा घरांत नेट जाते. त्या स्विचला वीज लागते, आणि ती वीज समोरच्या किराणा दुकानाच्या मीटरवरून घेतलेली होती. म्हणजे गल्लीतली लाइट गेली की स्विच बंद, आणि स्विच बंद म्हणजे माझ्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. "काका, पेटीत बॅटरी होती, ती बसली. नवीन सांगितलीय," तो म्हणाला. नवीन बॅटरी आली, चार महिने चालली आणि तीही बसली.

एवढ्यावर भागले असते तर मी कदाचित सहन केले असते. पण रोज रात्री नऊ-सव्वानऊला नेट जायचे आणि सकाळी सातला यायचे, त्याचे कारणही तेच निघाले: दुकानदार दुकान बंद करताना मेन स्विच पाडून जात. त्यांची ती सवय योग्यच आहे, त्यांच्या दुकानात एकदा शॉर्टसर्किट झाले होते, त्यांना कसे काय सांगणार? माझ्या पत्नीचा मालिका पाहण्याचा वेळ दहाचा. मग पेटीची वीज शेजारच्या एका घरावरून घेतली गेली, आणि मे महिन्यात ते कुटुंब लग्नासाठी आठ दिवस गावी गेले तेव्हा त्यांनीही घराची मेन बंद केली. आठ दिवस आमच्या दहा-बारा घरांत नेट नव्हते. कोणाची चूक म्हणावी? सगळे आपापल्या जागी बरोबर होते, पण माझ्या घरातला टीव्ही चालण्यासाठी मला ज्यांच्यावर अवलंबून राहावे लागत होते, त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

डिशला हा मधला माणूसच नाही. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर आहे, आणि छतावरच्या छत्रीला लागणारी थोडीशी वीज आपल्याच बॉक्सकडून तारेतून वर जाते. आपल्या घरात वीज आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. केबलचे मात्र आमच्या गल्लीतल्या फायबरसारखेच आहे. तिच्या वाटेतही खांबांवर ॲम्प्लिफायर असतात आणि त्यांनाही वीज लागते, म्हणून 2019 च्या आधीही लाइट गेली की आमची केबल जात असे. तेव्हा इन्व्हर्टर नव्हता, म्हणून ते कधी जाणवले नाही.

आता डिशचा दोषही लपवता येणार नाही. जोराच्या पावसात ती बंद पडते. डिशचे सिग्नल 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर येतात आणि या लहरी मोठ्या थेंबांच्या पावसात शोषल्या व विखुरल्या जातात, त्यामुळे परतीच्या पावसाचा ढग संध्याकाळी भरून आला की पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. आपल्याकडे छत्रीचे तोंड दक्षिणेकडे असते, तेव्हा त्या बाजूचा ढग आधी त्रास देतो. शिवाय वानरे छत्रीवर बसून तिची दिशा हलवतात, आणि मग माणूस बोलावून ती पुन्हा लावून घ्यावी लागते. ज्यांच्या घराच्या दक्षिणेला जवळच उंच इमारत किंवा मोठे कडुलिंबाचे झाड आहे, त्यांना तर डिशचा विचार जपूनच करावा लागेल.

पण या दोन अडचणींचे वजन सारखे नाही, असे मला वाटते. सप्टेंबर 2025 मधल्या अतिवृष्टीत याची प्रचिती आली. तेव्हा आमच्याकडे फायबर होते आणि शेजारी डिश होती. जवळच्या निम्न दुधना धरणातून किती पाणी सोडणार, हे आईला पुन्हा पुन्हा ऐकायचे होते, कारण नदीकाठी माझ्या मामांचे शेत आहे. शेजाऱ्यांची डिश त्या रात्री तीन-चार वेळा गेली, आणि दरवेळी पाव-अर्ध्या तासाने, ढग पुढे सरकला की, परत आली. आमचे नेट संध्याकाळी सहाला गेले ते तिसऱ्या दिवशी दुपारी आले. मोबाइलच्या टॉवरचीही बॅटरी मध्यरात्रीपर्यंत संपली असावी, कारण फोनवरही काही उघडेना. आई शेजारच्या घरी खुर्ची टाकून बसली होती. पाऊस उघडला की डिश आपोआप सुरू होते; नेट सुरू होण्यासाठी आधी वीज यावी लागते, मग पेटी सुकावी लागते, मग माणूस यावा लागतो. त्याच आठवड्यात मी छत्री पुन्हा लावून घेतली.

याचा अर्थ सर्वांनी डिशच घ्यावी, असा मी काढणार नाही. माझा मुलगा संभाजीनगरला मित्रांबरोबर राहतो, तिथे फायबर थेट खोलीपर्यंत आले आहे आणि वर्षभरात नेट गेल्याची तक्रार त्याने क्वचितच केली. त्याला डिश घे म्हणणे उगाच होईल. खरी फायबर-टू-होम पद्धत असेल तर केंद्रापासून घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारे काहीच नसते. एका तंतूतला प्रकाश काचेच्या स्प्लिटरने 32 किंवा 64 घरांत वाटला जातो आणि हे 20 किलोमीटरपर्यंत चालते, म्हणून केंद्रावर जनरेटर असला की गल्लीतली लाइट गेल्याने फरक पडत नाही. तेव्हा मेव्हण्यांना मी एवढेच कळवले आहे की घरात येणारी तार कोणती, हे आधी पाहा. ती बारीक, काचेच्या तंतूची असेल आणि मध्ये कुठेही विजेची पेटी नसेल, तर ॲपवर जायला माझी हरकत नाही. तांब्याची, लॅनची जाड तार राउटरमध्ये येत असेल, तर जवळपास कुठेतरी स्विच आहे आणि तो कोणाच्या तरी मीटरवर आहे, हे नक्की समजावे.

दरमहा काहीच भरायचे नसेल अशांना दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहेच. 2004 च्या डिसेंबरपासून ती सुरू आहे, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की मासिक शुल्क नाही, आणि सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. मराठी मालिकांची आवड असलेल्या घराला ती पुरणार नाही, पण शेतातल्या आखाड्यावर बातम्या आणि हवामान ऐकायला ती चांगली आहे.

आमच्या घरी सध्या बैठकीतल्या टीव्हीला डिश आहे आणि पत्नीसाठी एकच ॲप ठेवले आहे. फायबरही आहे, कारण मुलगा सुट्टीला आला की त्याला ते लागते. मेव्हण्यांचा परवा फोन आला होता. त्यांनी जोडणीवाल्याला विचारून पाहिले, तर त्यांच्या गल्लीची पेटी पिठाच्या गिरणीवर आहे आणि गिरणी रात्री आठला बंद होते. त्यांनी डिशचा सहा महिन्यांचा रिचार्ज केला आहे.